प्लंजरची चाल

नवऱ्याचा जहाजावरचा करार वाढला आणि बोरिवलीच्या गावठाणातल्या घरात मी आणि सासरे दोघंच उरलो. त्यांना आम्ही सगळे पप्पा म्हणतो. त्यांचंही आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. तिथल्या आवाजाने म्हणा की वयाने, त्यांना फार कमी ऐकू यायचं. कानाच्या डॉक्टरकडे जायला मात्र तयार नव्हते. मी काही बोलले की अंदाजाने मान हलवायचे. आमटीत मीठ बरोबर आहे का म्हटलं तरी मान, गॅस संपला म्हटलं तरी मान. हळूहळू मी बोलणंच कमी केलं होतं.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कॅप आणि कवळ्या बनवते. नाद मात्र मोटरसायकलचा. अंधेरीच्या एका गृहस्थांकडून मी जुनी, अवजड, दोन सिलिंडरची अमेरिकन गाडी घेतली होती. तिच्या इंजिनातून टकटक यायची आणि हायवेवर अ‍ॅक्सिलरेटर जोरात पिळला की तिची ताकद एकदम जायची. मेकॅनिक म्हणायचा, मॅडम, या गाड्या अशाच वाजतात. मला ते पटत नव्हतं. वाजतंय म्हणजे आत काहीतरी कशावर तरी आपटतंय, आणि ते काय हे मला बघायचं होतं.

एका रविवारी पप्पा चर्चमधली मिस्सा आटपून आले तेव्हा गाडी अंगणात चालू होती. ते थांबले. आत जाऊन लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ चक्क दातांत धरली. मग टोक इकडून तिकडे हलवत राहिले.

"मागच्या सिलिंडरला आहे," ते म्हणाले. "पुढचा शांत आहे."

दारावरची बेल ज्यांना ऐकू येत नाही, ते हे सांगत होते. मीही मूठ दातांत धरून पाहिली. टकटक थेट कवटीत वाजली. जबड्यातून, हाडातून आवाज आत जातो हे मला कामामुळे ठाऊक होतं, ते मी त्यांना ओरडून सांगितलं.

"म्हणजे माझा कान बरा आहे?"

"आतला भाग बरा असेल. बाहेरून आत येणारा रस्ता कुठेतरी अडला असेल."

त्यांनी यावर मान हलवली नाही. विचार करत राहिले.

आम्ही इंजिनाचा तेवढा भाग उघडला. आत व्हॉल्व उचलणारे लिफ्टर होते; असे पप्पांनी कधी पाहिले नव्हते, त्यामुळे आम्ही दोघंही सारखेच नवखे. बोटाएवढा तो तुकडा, खाली छोटं चाक. ते चाक कॅमच्या उंचवट्यावर फिरतं, लिफ्टर वर ढकलला जातो, तो पुशरॉडच्या लांब दांडीला ढकलतो आणि शेवटी व्हॉल्व उघडतो. लिफ्टरच्या पोटात एक प्लंजर, म्हणजे छोटा दट्ट्या, असतो. तो तेलावर तरंगत मधल्या फटी आपोआप भरून काढतो. सोय मोठी छान, पण प्लंजरला वरखाली जायला जागा जास्त असली की घोटाळा. तेल गळलं की तो खाली बसतो आणि टकटक सुरू. गाडी पिळली की क्षणभर पडलेली फटही तो तेलाने भरून टाकतो, मग व्हॉल्व पूर्ण मिटतच नाही आणि ताकद जाते. माझ्या गाडीच्या दोन्ही तक्रारी एकाच जागी निघाल्या.

उपाय मी वाचला होता: प्लंजरखाली स्टीलची छोटी पोकळ नळी बसवायची, म्हणजे त्याची चाल कमी होते. चारही लिफ्टरचे सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पप्पांनी इडलीपात्राची ताटली आणली आणि एकेका खळग्यात एकेक संच मांडला. नळ्या घाटकोपरच्या एका लेथवाल्याकडून करून घेतल्या. आम्ही चाल अगदी थोडी ठेवली होती. जेवढी कमी तेवढं चांगलं, असा आमचा हिशेब.

गाडी सुरू केली तर टकटक गायब. पप्पा मूठ दातांत धरून हसले. पण चांगली तापल्यावर टकटक परत आली, आधीपेक्षा मोठी. आम्ही इंजिन बंद करून तिथेच ओट्यावर बसलो. गार असताना गप्प, गरम झाल्यावर बोलते. असं का?

लॅबमध्ये धातू ओतताना तो गार होऊन किती आकसेल, हे मी रोज धरून चालते. तेच इथे उलटं होतं. सिलिंडर तापून उंच होत होता आणि पुशरॉड तेवढा वाढत नव्हता. ती फट भरायला प्लंजरकडे आता चालच उरली नव्हती. मी हे हातवारे करून सांगितलं. पप्पांनी सिलिंडरच्या जवळ तळहात धरला, ऊब घेतली आणि म्हणाले, "त्याला थोडं जगायला जागा दे."

नळ्या थोड्या आखूड करून घेतल्या, पुशरॉडची लांबी पुन्हा लावली. या वेळी गार आणि गरम, दोन्हीत शांत.

पुढच्याच आठवड्यात पप्पा स्वतःहून म्हणाले, कानाच्या डॉक्टरकडे चल. तपासणीत निघालं की मधल्या कानातली हाडं आखडली आहेत, आतली नस चांगली आहे. मशीन लावून आम्ही बाहेर आलो तेव्हा मी रिक्षावाल्याशी बोलत होते. ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुझा आवाज असा आहे होय," ते म्हणाले. "मला वाटायचं, तू रागावलेली असतेस."



रविवारी ते माझ्या मागे गाडीवर बसले. मशीन काढून खिशात ठेवलं होतं, वाऱ्यात नुसता खरखराट होतो म्हणाले. दहिसर ओलांडून घोडबंदरच्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी पिळली. जिथे ती नेहमी धाप टाकायची, तिथून ती सरळ पुढे ओढत गेली. मी वेग कमी करायला लागले तशी पप्पांनी खांद्यावर थाप मारली.

"थांबू नको गं. पुढे चढ आहे, तिथे काय करते बघू."