मृदुलानं ऐकलेला खराटा

या, अशा इकडे जवळ बसा. पुरवणी हातात आली की आधी राशिभविष्य, मग पाककृती, आणि माझ्यासारख्या म्हातारीनं चार ओळी लिहिल्या की ‘बघू दुपारी’... मग दुपारी त्याच पुरवणीवर शेंगा सोलायच्या! शोभतं का हे? आज एवढं वाचा, फोडणी थोडी उशिरा बसली तर काही बिघडत नाही. मी एका पोरीबद्दल सांगणार आहे, आणि ती पोर आता सांगायला उरलेली नाही.

गेल्या महिन्यात सकाळी खालच्या वाण्याच्या दुकानात फोन आला. वाण्यानं जिन्याखालून हाक मारली, “आक्का, तुमचा फोन, घाई करा!” मी पदर सावरत उतरले. पलीकडे मृदुलाचा भाऊ होता. “ताई गेली...” एवढंच बोलला. आजार होता, माहीत होतं, तरी रिसीव्हर कुठं ठेवायचा ते मला सुचेना. वर येऊन गॅलरीत सांगितलं. त्यानंतर माझ्या शेजारणीनं, कुसुमनं, जे केलं ते शेवटी सांगते, कारण आधीचं ठाऊक नसेल तर तुम्हीही तिला नावं ठेवाल.

आमची बिल्डिंग वाशीची, मार्केटातल्या माथाडींची. एका गॅलरीत सहा दारं, सगळी सातारा-कऱ्हाडकडची. आमचे हे कांद्याच्या गाळ्यावर, कुसुमचे दत्ताभाऊ बटाट्याच्या. मृदुला आली ती विद्यापीठाकडून. गावची माणसं नव्या शहरात आली, तर बरोबर काय आणलं आणि काय टाकलं, असा तिचा अभ्यास. मी म्हटलं, “भांडी आणली, सासू टाकली.” ती इतकी हसली की माझ्याच घरी चहा प्यायला बसली, आणि मग दोन वर्षं बसतच राहिली. मी शाळेत चौथीपर्यंतच. पुढचं सगळं मुलांची पुस्तकं आणि वाचनालय यांवर. पण ही पोर मला स्वतःचं लिहिलेलं वाचून दाखवायची आणि विचारायची, “आक्का, कळलं का? नसेल कळलं तर माझंच चुकलंय.”

तर आपल्यात एक रीत आहे. माणूस कामाला, गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ घर झाडत नाहीत; झाडतात ते मढं उचलल्यावर. पाठीवर ओझं वाहणाऱ्यांच्या घरात तर नाहीच नाही. मृदुलाच्या छापील कागदावर दोन रकाने होते, ‘पाळतात’ आणि ‘पाळत नाहीत’. पाच दारांची खूण पहिल्या रकान्यात, कुसुमची दुसऱ्यात. कारण दत्ताभाऊंनी जिन्याच्या पायरीवर पाय ठेवला की कुसुम खराटा घेऊन बाहेर यायची आणि खर्र खर्र गॅलरी झाडायची. आदल्या संध्याकाळी धुतलेली गॅलरी, बरं का! मी मृदुलाला म्हटलं, “अगं, नुसतं ‘पाळत नाही’ लिहून कसं भागेल? तिला काय रीत ठाऊक नाही? ती झाडत नाही, ऐकवते. रात्रीचं भांडण असणार.” शेजारच्या शालननं लगेच री ओढली, “रोजच्या रोज भांडण? नवरा तर तोंडातनं शब्द काढत नाही.” “म्हणून तर!” मी म्हटलं, आणि सगळ्या हसलो.

मृदुलानं कागद बाजूला ठेवला. तिच्या अभ्यासाला खरं तोंड फुटलं ते तिथं, असं ती पुढं म्हणायची. तिच्या सरांनाही हे फार आवडलं... नवऱ्यावरचा राग सांगायला रीतच मोडणारी बाई. पण मृदुलाच्या जिवाला चैन नाही. “आक्का, हे तुम्ही सांगताय. कुसुमताईंनी कुठं सांगितलंय? आणि चूक असलं तर? ती बाई कागदावर कायमची भांडकुदळ होऊन बसेल, आणि मी तिच्याच घरची भाकरी खाल्लेली आहे.” मी म्हटलं, “मग विचार की तिला.” “विचारलं. म्हणाली, केर असतो म्हणून झाडते!”

मग मृदुलानं विचारणं सोडलं आणि बसणं धरलं. कुसुमबरोबर मेथी निवड, पापड वाळत घाल. कित्येक दिवस हेच. एकदा मेथी निवडता निवडता तिनं लिहिलेलं पान वाचून दाखवलं आणि म्हणाली, “कुसुमताई, हे तुमच्याबद्दल आहे. नको म्हणालात तर फाडून टाकते.” आम्ही सगळ्या मेथी सोडून तिच्याकडं बघू लागलो. कुसुम म्हणाली, “फाडू नगं. पर चुकलंय. भांडणापायी कोन झाडतंय येवढं? आमचं हे बोलत्यात का कवा? मुकाट उठायचं, मुकाट जायचं. खराटा वाजला की जिन्यातनं येकदा वर बघत्यात, मुंडी हलवत्यात. तेवढंच बघनं. म्हनून झाडती.”

शालननं जीभ चावली. आणि मृदुलाचा चेहरा... सणाला माहेरचं माणूस दारात दिसावं तसा.

पण पोर तेवढ्यावर कुठली थांबायला! संध्याकाळी दत्ताभाऊंना गाठलं. जन्मात न बोलणारा माणूस, तो म्हणाला, “मला वाटतं डबा राहिला का म्हणून वाजवती. म्हणून वर बघतो. मान हलवतो ती ‘डबा घेतलाय’ म्हणून.” कुसुमनं कपाळावर हात मारला. “इतकी वर्सं मी डब्यापायी झाडत व्हते व्हय!” त्या दिवशी मी त्या दोघांना पहिल्यांदा एकत्र हसताना पाहिलं.

मृदुलानं तिन्ही अर्थ लिहिले. गॅलरीला ऐकू येणारा राग, कुसुमची हाक, दत्ताभाऊंचा डबा. सर म्हणाले, यातलं खरं एक काय ते ठेवा, बाकीचं काढा. तिनं काढलं नाही. पदवी लांबली, तरी नाही. मी रागावले तिला. तर म्हणाली, “आक्का, पाठीमागे झाडू नये हे या गॅलरीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर त्या खराट्याला आवाज आहे. नाहीतर तो नुसता केर. एकच अर्थ ठेवला तर कुसुमताईंचं घरच मोडेल त्या पानावर. ते दोघं तर या गोंधळावरच सुखानं नांदतायत.” पुढं कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा, म्हणे, वर्गात पहिल्या दिवशी खराट्याचीच गोष्ट सांगायची, नावं बदलून.

शेवटची आली ती दिवाळीनंतर. डोक्याला रुमाल, हाताच्या काड्या झालेल्या. चहा अर्धाच प्याली. निघाली, एकेक पायरी धरून उतरू लागली, तशी कुसुम घरातून आली आणि तिनं खराटा मारला... खर्र. मृदुला थांबली, मान वर केली, खांद्यावरची पिशवी उचलून दाखवली. “डबा घेतलाय हो!” आम्ही तिघी हसलो. मी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत घर झाडलं नाही.

आणि फोन आला त्या सकाळी, मी गॅलरीत बातमी सांगितली, तशी कुसुम आत गेली आणि खराटा घेऊन आली. जिन्याच्या तोंडापासून झाडायला लागली. शालन दबक्या आवाजात म्हणाली, “अगं, सुतक आपल्याला नाही. मढं काय आपल्या दारातनं गेलंय का झाडायला?” मी तिला हातानंच गप्प केलं. कुसुम झाडत होती, थांबत होती, कठड्यावरून जिन्यात वाकून बघत होती, पुन्हा झाडत होती. खालून कुणी डबा दाखवला नाही.

आता तो खराटा कुसुमच्या दाराशेजारी खिळ्याला असतो. सकाळी वाजतो, दत्ताभाऊ मान हलवतात, मला ते ऐकल्याशिवाय चहा जात नाही. मृदुलाच्या विद्यार्थिनींनो, तुम्ही ही गोष्ट वर्गात ऐकली असेल, पण ती गॅलरी पाहिलेली नाही. तुम्ही या, आणि ज्यांनी ती ऐकलेली नाही त्यांनीही या. लवकर या, आम्हीही काही कोवळ्या राहिलो नाही. चहा देईन, मेथी असेल तर निवडायला बसवीन. आणि निघालात की जिन्यात जरा थांबा. पाठीमागे खराटा वाजला तर वाईट वाटून घेऊ नका... मान वर करून बघा.