खलीलभाई मशीनवर बसेनात

करंजाड्यात आमचा गाळा एकच, मधे प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे माझं अस्तर, लेस, फॉल-पिकोचं दुकान. पलीकडे खलीलभाई मुकादम, लेडीज टेलर. माझ्याकडून अस्तर घ्यायचं आणि शेजारी शिवायला टाकायचं, अशी गिऱ्हाइकांची सोय. त्यांचं काम थांबलं की माझाही धंदा झोपतो. म्हणून सांगते, रमजान संपत आला असताना त्यांनी जे काय आरंभलं, त्याने माझं डोकं पार फिरलं होतं.

माणूस कसा, तर महाडकडच्या खेड्यातनं मिसरूड फुटायच्या आधी आलेला, तेव्हापासून मशीनवर. बहिणींची लग्नं त्या मशीनवर, आईचं आजारपण त्या मशीनवर, स्वतःची पोरं शिकली तीही त्यावरच. बाईने कितीही घोळ घातला, गळा मोठा करा, नको, लहानच करा, तरी "करतो ना ताई" एवढंच. चिडायचं मी आणि शांत राहायचं त्यांनी, अशी आमची वाटणी.

यंदा त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, गॅस. पण माणूस घाबरला तो घाबरलाच. मला म्हणाले, "वैजयंतीताई, गेलो असतो तर वर काय दाखवलं असतं? नमाज धावतपळत, हज नाय, काय नाय. सगळा जन्म ब्लाउज शिवण्यात गेला."

"मग काय, चोऱ्या केल्या का?" मी म्हटलं. पण त्यांचं समाधान होईना. शेवटी मशिदीत जाऊन इमामसाहेबांना विचारून आले. तरुण माणूस, गोड बोलणारा. त्यांनी सांगितलं, हलाल कमाई करून बायकापोरांना जेवू घालणं हीसुद्धा इबादतच, देवाची उपासनाच. घरच्यांच्या तोंडी घातलेल्या घासाचाही सवाब मिळतो, म्हणजे पुण्य. फक्त नियत अल्लाहसाठी हवी.

झालं! तिथेच घोडं अडलं.

"नियत म्हणजे मनातला संकल्प, ताई. तो मी कधी केलाच नाय. पायडल दाबताना मनात काय असायचं? भाड्याचं टेन्शन, पोरांची फी. अल्लाहचं नाव होतं की नव्हतं, आठवतच नाय. नसेल तर सगळं फुकट गेलं का?"

"मग आता करून टाका की मागच्या सगळ्याची एकदम!"

"मागची चालते का, ते इमामसाब त्यांच्या उस्तादांना विचारून सांगणारेत."

तोवर पुढचं तरी वाया जायला नको, म्हणून प्रत्येक ब्लाउजाआधी नियत सुरू झाली. डोळे मिटायचे, ओठ हलायचे, कात्री उचलायची आणि परत खाली ठेवायची. "आत्ता गिऱ्हाईक ओरडेल म्हणून उचलली, ताई. ही नियत बिघडली." पुन्हा पहिल्यापासून. एका बाहीला अख्खी सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी तर मशीनवर बसेचनात. ईद तोंडावर, कपड्यांचा ढीग, दारात बायकांची कटकट, आणि हा बाबा स्टुलावर बसून स्वतःच्याच मनात डोकावतोय!

मी ताडताड बोलले. "तुमच्या अल्लाहला टेलर कळत नाही का हो?" असंही म्हणून गेले. ते रागावले नाहीत. "तेच तर समजत नाय," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मलाच कसंतरी झालं. मी सकाळी गल्ल्यावर उदबत्ती ओवाळते तेव्हा दुसऱ्या हातात फोन असतो आणि कुणाला तरी लेसचा भाव सांगत असते. ते देवापर्यंत पोचतं की नाही, मला तरी कुठे ठाऊक?

त्याच दुपारी त्यांच्या मिसेस आल्या, हलीमाभाभी. त्या घरी काज-बटण करतात, हेमिंग करतात. मोटरची मशीन त्यांना झेपत नाही. तरी सरळ जाऊन मशीनवर बसल्या. "लोकांची ईद हाय. तुमी बसा विचार करत," एवढंच नवऱ्याला बोलल्या. पाय पडला जोरात, मशीन सुसाट सुटली आणि सुई थेट बोटात. भाभी अशा किंचाळल्या की माझ्या हातातलं रीळ पडलं.

खलीलभाई स्टुलावरनं कधी उठले, कळलंच नाही. चाक हाताने फिरवून सुई वर घेतली, माझ्याकडचं पांढरं अस्तर न विचारता टरकन फाडलं आणि बोट बांधलं. "दुखतंय काय? लई दुखतंय काय?" एवढंच चाललेलं. समोरच्या दवाखान्यातनं पट्टी करून आणली, त्यांना पंख्याखाली बसवलं आणि त्यांनी अर्धवट टाकलेला ब्लाउज उचलून सरळ शिवायलाच लागले. डोळे मिटले नाहीत, ओठ हलवले नाहीत. एक झाला, दुसरा घेतला. मधेच मान वळवून भाभींकडे बघायचे आणि पुन्हा टीप मारायचे. मी पडलेलं रीळ गुंडाळत बसले. म्हटलं, चाललंय ते चालू दे बाई.

भाभींना मात्र राहवलं नाही. हळूच म्हणाल्या, "अवो, नियत केलीत?"

मशीन थांबली. खलीलभाईंचा चेहरा एवढासा झाला.

"नाय गं. इसरलो. तुझं बोटच दिसत होतं समोर."

"मग इतकी वर्षं काय दिसायचं समोर?"

"तुमीच," ते म्हणाले. "तू, पोरं, आई." आणि बावरून माझ्याकडे बघायला लागले. "ताई, हे नियत म्हणून धरतात का ओ?"

मला काय माहीत! मी ओरडलेच, "आधी ती बाही लावा!"