कोळी दिसली का?

आमच्या पाड्यावर आषाढात बायका भेटल्या की ‘जेवलीस का?’ असं विचारत नसत. ‘कोळी दिसली का?’ असं विचारत. कोळी म्हणजे भाजी. गवतासारखी लांब, मऊ पानं. माळावर, बांधावर, कारवीच्या बुडाशी आपली आपण उगवणारी. शहरात तिच्या जातभाईंना फोडशी म्हणतात आणि जुडी बांधून विकतात. आम्ही ती कधी विकली नाही. निदान पान तरी नाही.

पाडा मोखाड्याच्या पलीकडे, उतारावर आहे. मालक गेले, मुलगी लग्न होऊन जव्हारला गेली आणि मी इथेच राहिले. अंगणवाडीत पोरांना काट्यावर तोलण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. माझी नोकरी संपली तोवर तोलायला पोरंही फारशी उरली नव्हती. आईबापांना पोट जिथं न्यायचं तिथं तीही जायची.

कोळीचा एक नियम होता. गावदेवाला दाखवल्याशिवाय ती कुणी खायची नाही. उगवली, वाढली, हिरवीगार डोळ्यांसमोर डोलली, तरी हात लावायचा नाही. दिवस ठरवायचे आमचे चुलत सासरे. ते पाड्याचे भगत. हा माणूस मुद्दाम उशीर करतो अशी आम्हा सगळ्या सुनांची पक्की खात्री होती. घरात नागलीच्या भाकरीबरोबर लावायला मीठ आणि मिरची, आणि दारात भाजीचं रान माजलेलं. विचारलं की म्हणायचे, ‘तिला आधी पाय रोवू द्या. मग खावा.’ नवी नवरी असताना मला हा निव्वळ जाच वाटायचा. शेवटी दिवस ठरला की पानं विळ्यानं वरच्या वर कापायची आणि खालचा कंद जमिनीतच ठेवायचा. देवापुढं एकच भांडं शिजायचं आणि पळसाच्या पानावर प्रत्येक घराला घास मिळायचा. त्यानंतर ज्यानं त्यानं हवी तेवढी खावी.

त्या दिवसाची आणखी एक रीत होती, आणि माझं खरं काम तिच्याशीच असायचं. वर्षभरात ज्यांचं भांडण झालं असेल त्यांनी एकाच पानावर बसून खायचं. कोण चुकलं, कोण बरोबर, याची पंचाईत कुणी करायची नाही. घास घेतला की अबोला सुटला.

माझ्या अंगणाला लागून जिचं अंगण, ती नात्यानं माझी जाऊ. आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कोंबडी कुणाच्या अंगणात अंडं घालते, बांध कुणी कुणाकडं सरकवला, सरपण कुणी उचललं, असल्या गोष्टींवरून आम्ही महिना महिना एकमेकींकडं पाठ करून भांडी घासायचो. सासऱ्यांनी पळसाची पानं मांडायला घेतली की आमच्या दोघींसाठी न विचारता एकच पान टाकायचे आणि सगळा पाडा हसायचा. ती माझ्या बाजूचा मोठा घास उचलायची. मी बघायचे आणि काही बोलायचे नाही, कारण त्या दिवशी बोलायचं नसतं. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही पुन्हा भांडायला मोकळ्या.

मग जगाला आमच्या कोळीच्या कंदाची आठवण झाली.

तो कंद म्हणजेच पांढरी मुसळी. ती औषधी आहे हे आमच्याकडंही माहीत होतं. बाळंतिणीला कुणी थोडी द्यायचं, बस. पण जव्हारच्या बाजारात एक व्यापारी बसू लागला, मग जीप पाड्याच्या खालच्या वळणापर्यंत येऊ लागली. माल कुठं जातो विचारलं तर म्हणे इंदूर, मुंबई, दुबई, अमेरिका. पुढं मुलीनं मला तिच्या मोबाइलवर दाखवलं. पांढरी बाटली, तिच्यावर दंड फुगवलेला एक गोरा पुरुष आणि खाली इंग्रजीत मुसळी. सगळ्या जगातल्या पुरुषांची ताकद एकदमच कशी कमी पडली कोण जाणे, पण ती भरून काढायला आमचा उतार खणावा लागला एवढं खरं.

खणायला बाहेरची माणसं आली तशी आमचीही होती. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसं. पण कुंपणाचंही पोट असतं. मी कुणाला नावं ठेवत नाही. म्हणजे ठेवते, पण तोंडावर नाही. पान वीतभर झालं की ओळख पटायची आणि पहार बसायची. कंद अजून कोवळा असायचा, बी धरायला तर पुष्कळ अवकाश असायचा. तेवढी वाट आता कोण बघतो? बघता बघता उतारभर खड्डे झाले. त्या खड्ड्यांतून पाणी सुटलं, पाण्याबरोबर माती सुटली, आणि खालच्या भातखाचरांत दगडगोटे येऊन बसले. ज्यांनी वर मुसळी खणली त्यांच्याच खालच्या खाचरांत भात पिकेनासं झालं. मग ती माणसं भिवंडीला गेली.

पूर्वीही आमची माणसं जायची, वीटभट्टीवर, खडीवर. पण पावसात आवणीला, भाताच्या लावणीला, परत यायची, कारण भट्टीला पाऊस चालत नाही. भिवंडीचं तसं नाही. तिथं मोठमोठी गोडाऊनं आहेत आणि त्यांत जगभरचा माल खोक्यांत भरून घरोघर पाठवतात. गोडाऊनला पावसाळा नसतो. जावेचा मुलगा तिथं खोक्यांवर पट्टी चिकटवतो. एकदा मी त्याला विचारलं, तुमच्या त्या खोक्यांतून आपली मुसळीही जात असेल का रे? तो म्हणाला, ‘काकी, खोक्यात काय असतं ते आमाला कुठं माहीत? आमी नंबर बघतो.’

सासऱ्यांच्या शेवटच्या वर्षी ते काठी घेऊन दिवस दिवस माळावर फिरले. संध्याकाळी परत यायचे तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि हात रिकामे. कुणीतरी सुचवलं, दुसरी कुठली भाजी दाखवा देवाला, त्याला काय कळतं. ते म्हणाले, ‘त्याला कळंल का नाय ते तो बघंल. मला तर कळतं.’ त्या वर्षी पान मांडलं गेलं नाही. पुढच्या वर्षी तेच राहिले नाहीत. नियम मात्र तसाच राहिला, कारण मोडायलाही भाजी लागते.

नेमकी त्यानंतरच्या आषाढात मला कोळी दिसली. माझ्याच बांधावर, करवंदीच्या जाळीत, खणणाऱ्याचा हात पोचणार नाही अशा जागी. मी आधी मागं वळून कुणी बघतंय का ते पाहिलं. स्वतःच्या बांधावर उभी राहून मी चोरासारखी मागं बघत होते. मग बोरीच्या फांद्या तोडून आणल्या आणि वरून टाकल्या.

घरी आले तर जाऊ कुडावरून डोकावली. ‘कोळी दिसली का गं?’

‘नाय,’ मी म्हटलं. ‘तुला?’

‘मला बी नाय.’

मी खोटं बोलले आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तिचा मुलगा तेव्हा पहार घेऊन जीपवाल्याबरोबर फिरत होता. मी ‘हाय’ म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत बांधाला भोक पडलं असतं. पण खोटं एकदा बोलून भागत नाही. दर आषाढात तिनं विचारायचं, मी नाही म्हणायचं, मग मी विचारायचं, तिनं नाही म्हणायचं. मधल्या काळात आमची भांडणं चालूच होती. ती सोडवायला आता पान नव्हतं, म्हणून एकेक भांडण नुसतं साठत गेलं. बोलायचो आम्ही, पण अबोला सुटलाय असं कधी वाटलं नाही.

मग तिच्या खाचरात इतके दगड आले की लावणीला जागाच राहिली नाही. मुलगा भिवंडीला गेलाच होता, त्याची बायकोही कामाला लागली आणि पोरं सांभाळायला त्यांनी म्हातारीला नेलं. निघताना तिनं मला घराची किल्ली दिली. ‘माझ्या बांधावरच्या काट्यांना हात लावू नको,’ ती म्हणाली. ‘गुरं शिरतात.’ मला हसू आलं. पाड्यावरची गुरं विकून किती दिवस झाले होते. म्हटलं, आता वयाप्रमाणं हिला भ्रम व्हायला लागला.

ती गेली आणि भांडायलाही कुणी उरलं नाही. माणूस नसण्याचं दुःख मला ठाऊक होतं. भांडणारं माणूस नसणं ही नवीनच गोष्ट होती. माझी कोंबडी तिच्या अंगणात अंडं घालते आणि मी ते निमूट उचलून आणते. एका माणसाचा भात शिजवताना पातेलं फार मोठं वाटतं. पाड्यावर अजून माणसं आहेत, नाही असं नाही. पण ती ऐकू कमी येणारी, किंवा स्वतःशीच बोलणारी. पावसाळ्यात तर चार चार दिवस माझा आवाज माझ्याच कानावर पडत नाही. मग मी वरच्या दगडावर जाते. तिथं मोबाइलला रेंज येते. जावेला फोन लावते. ती सांगते, खोलीत पुठ्ठ्याचा वास येतो, वर पत्रा आहे, आभाळ बघायला रस्त्यावर जावं लागतं. मी सांगते, इथं आभाळ पुष्कळ आहे, नेऊन ठेव.

या आषाढात सलग पाऊस लागला आणि तिच्या बांधाला खांड पडेल असं मला वाटलं. माझं काय जात होतं? पण किल्ली दिलेली. फावडं घेऊन गेले. दगड लावायचा तर मधले काटे बाजूला करणं भाग होतं, म्हणून एकेक फांदी ओढून काढू लागले. वरच्या फांद्या तिनं जाण्याआधी टाकलेल्या. त्यांच्याखाली त्याहून जुन्या, पिचलेल्या. त्याखाली नुसता भुगा. आणि त्या सगळ्यांमधून वर आलेली कोळी. एक गड्डा नाही, चांगला पसरलेला ताटवा, वर्षानुवर्षं बी पडून वाढलेला.

मी चिखलात बसले. आधी हसले. बाईनं काय बनवलं मला, दर वर्षी, कुडावरून, तोंड वर करून. मग रडू आलं. मला तिचा राग आला, माझा आला, त्या बाटलीवरच्या गोऱ्याचाही आला. दोन बांधांच्या मध्ये एक कूड, आणि कुडाच्या दोन्ही बाजूंना तीच भाजी, तेच काटे. आम्ही दोघींनी भाजी वाचवली होती, पण एकमेकींपासूनही. एकीनं जरी तोंड उघडलं असतं तर एका पानावर बसून खाल्ली असती. तेवढी वर्षं गेली.

काटे परत जसे होते तसे लावले, बांध बुजवला, आणि तशाच चिखलाच्या हातांनी वरच्या दगडावर गेले.

‘कोळी दिसली का गं?’ तिनं विचारलं. आधी हेच, मग बाकीचं.

‘दिसली.’

पलीकडं, तिच्या मागं कुणीतरी हिंदीत ट्रकवाल्याला गाडी मागं घ्यायला सांगत होतं.

‘कुठं?’

‘माझ्या बांधावर. कधीपासनं हाय. आन् तुझ्या बी.’

‘सापडली व्हय तुला.’ मग म्हणाली, ‘काटं काढलंस?’

‘काढलं. परत लावलं.’

‘माझा पोरगा खणायला जायचा,’ ती म्हणाली. ‘त्याच्यापासनं लपवली मी. पोटच्या पोरापासनं.’

‘मला तरी सांगायचं.’

‘तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाय. भांडणात बोलून गेली असतीस.’

तेही खरंच होतं.

‘खाल्लीस का?’ तिनं विचारलं.

‘एकटीनं कशी खाऊ? आपला अबोला कुठं सुटलाय?’

ती हसली. ‘रोज तर बोलतेस.’ मग म्हणाली, ‘येते मी. आता नाय सोडायचे, दिवाळीपर्यंत खोकी लय असतात, सूनबाय रातपाळीला जाते, पोरांना कोण बघंल. दिवाळी झाली की येते. दोघी खाऊ.’

दिवाळीपर्यंत कोळीचं पान वाळून मातीत गेलेलं असतं. वर काही म्हणजे काही दिसत नाही. हे तिला ठाऊक आहे. माझ्याहून जास्त पावसाळे तिनं या उतारावर काढलेत.

‘ये,’ मी म्हटलं. ‘मी पळसाचं पान काढून ठेवते.’