कोलम नसलेली सकाळ

अंबरनाथला आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात समोरच्या खोलीतल्या माणसाला टायफॉइड झाला. नवरा-बायको तंजावरकडची होती. बायकोचं नाव मी कधी विचारलंच नाही.

पहाटे ती उंबऱ्यापुढे पाणी शिंपडायची, कमरेत वाकायची आणि चिमटीतून तांदळाचं पीठ सोडत ठिपक्यांभोवती न तुटणारी रेघ फिरवून कोलम काढायची. माझी रांगोळी दगडाच्या भुकटीची. रांगोळी पाहून ती म्हणाली होती, "हे मुंगी खाणार नाही." आणखी एक तिनेच सांगितलं होतं, "आमच्यात घरात कुणी गेलं, तर कोलम नाही."

नवरा तापाने फणफणलेला, तरी तिचा कोलम चुकला नाही. रोज दार उघडलं की मी आधी तिकडे बघायची आणि मग चूल पेटवायची.

महिना व्हायच्या आत एका सकाळी तिचा उंबरा कोरा दिसला. मी धावत गेले, पण कडी वाजवायला हात उचलेना. तेवढ्यात तीच बाहेर आली, हातात पिठाची वाटी घेऊन.

"आज अमावस्या," ती म्हणाली. "आधी सासऱ्यांचं तर्पण, मग कोलम."

"पण तर्पण केलं कुणी?"

"कोण करणार? त्यांनीच. ताप उतरला ना! आता कॉफी मागतायत."

मी तिथेच, तिच्या दारात, मटकन बसले.

ती वाटी घेऊन थोडा वेळ थांबली. मग हसून म्हणाली, "बाई, उठा की. कोलमची जागा आहे ती."