आफ्रिकेतली कळण्याची भाकर

तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टम्म फुगली की मला आफ्रिका आठवते. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं मलाच उठवलं, "दक्षिण आफ्रिकेतल्या एखाद्या लहान गावाचं वर्णन कर." मास्तरांचा चेहरा पडला. धडा काही आठवेना, म्हणून मी आमच्या पारोळ्याचंच वर्णन ठोकून दिलं. कोरडी नदी, वाळूत झिरे खणून पाणी भरणाऱ्या बाया, बाभळी, उन्हाळ्यात घरांच्या धाब्यावर झोपणारी माणसं. साहेब खूश! "आणि खातात काय?" मी जोरात म्हणाले, "कळण्यानी भाकर आनी ठेचा!" साहेब पोट धरून हसले, मग मास्तरही. दक्षिण आफ्रिकेत नोकरीला गेलेल्या भाच्यानं परवा तिथल्या एका गावाचा फोटो पाठवला. कोरडी नदी, वाळूत खड्डा, पाणी भरणारी बाई. मी लगेच कळवलं, "विचार तिला, आज जेवायला काय केलंय?"