शिर्माकरचं दुधाळ तळं

जालना सोडताना माझा डावा गुडघा सुजलेला होता. मोहिमेची वैद्यकीय तपासणी पार पडल्यावर तो सुजला, म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही. मी नवीन जालन्यात राहते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि तरुणपणापासून अंटार्क्टिकावरच्या एका तळ्यातल्या शेवाळाचा अभ्यास करते. हे ऐकून लोक आधी हसतात, मग विचारतात, की आपल्या विहिरीत कमी शेवाळ आहे का? स्टेशनवर सोडायला आलेले माझे यजमान मात्र हसले नाहीत. बॅग डब्यात चढवून देताना त्यांनी एवढंच विचारलं, "ही शेवटची खेप समजू ना?"

"समजा," मी म्हटलं. गाडी हलली आणि मला पहिल्यांदा वाटलं, की जायलाच नको होतं.

मुंबई, मग केपटाऊन. तिथं एका गोदामात आमचे बूट, पिशव्या, कोटाचे खिसे व्हॅक्यूमच्या नळीनं साफ करवून घेतले. बाहेरचं बी त्या बर्फाळ खंडावर जाता कामा नये, असा नियम आहे. माझ्या पिशवीच्या शिवणीत एक कुसळ (गवताच्या बीचं टोकदार तूस) निघालं. चिमट्यानं ते काढणाऱ्या मुलीनं विचारलं, "हे कुठलं?" मी म्हटलं, "जालन्याचं. आमच्या गावात बियाण्यांचाच धंदा चालतो." तिनं ते डबीत टाकून झाकण लावलं.

पुढचा प्रवास मालवाहू विमानात, भिंतीकडे पाठ करून. खिडकी नव्हती. दार उघडलं तेव्हाच अंटार्क्टिका दिसला आणि डोळे आपोआप मिटले. इतका उजेड! पहिल्या खेपेला मी त्या उजेडाकडे पाहून रडले होते. या वेळी गॉगल शोधला.

शिर्माकर टेकड्या म्हणजे अफाट बर्फातली उघड्या तपकिरी दगडांची एक अरुंद पट्टी. खोलगट जागांमध्ये तळी साचलेली, आणि दक्षिणेला डोक्यावर हिमनदीची भिंत. आपल्या देशाचं संशोधन केंद्र इथंच आहे. उन्हाळ्यात इथं सूर्य मावळत नाही. खिडकीला काळं कापड लावून झोपायचं, आणि उठल्यावर घड्याळ बघून ठरवायचं, की आता नाश्ता करायचा की जेवायचं. त्या सततच्या उजेडानं माणूस आतून शिणतो. थंडीपेक्षा मला त्याचाच जास्त त्रास झाला.

पहिल्याच जेवणाला मी डब्यातला ठेचा काढला, तेव्हा समोरचा चाळिशीचा माणूस वास घेऊन थबकला.

"मॅडम, हा ठेचा आपल्याकडचा हाय बराबर. तुम्ही कुठल्या?"

"जालना."

"अन् मी बदनापूरचा! एकाच लायनीवरचे निघालो की आपण."

हा मिलिंद. आधी फौजेत होता, लडाखला. आता केंद्राचे जनरेटर सांभाळायचे आणि आम्हा संशोधकांबरोबर बाहेर जाऊन आम्हाला जिवंत परत आणायचं, अशी दोन कामं त्याच्याकडे. उन्हाळा संपल्यावर आम्ही परतणार होतो. तो मात्र पुढचा अख्खा हिवाळा तिथंच काढणार होता.

तिसऱ्या दिवशी तो मला माझ्या तळ्यावर घेऊन गेला. नकाशात त्या तळ्याला नाव नाही, नुसता आकडा आहे. पूर्वी मी काठावर उभी राहिले, की पाण्याचा तळ दिसायचा, सतरंजी अंथरल्यासारखी शेवाळाची नारिंगी-हिरवी गादी. तेव्हा हिमनदीतून एक बारीक झरा तळ्यात येई. वितळलेलं ते पाणी दगडातली खनिजं विरघळवून आणायचं आणि त्यावर शेवाळ पोसायचं. बर्फ वितळला की शेवाळ वाढतं, असं मी लिहिलंही होतं. त्या वेळी ते खरंच होतं.

आता टेकडीवरून पाहिलं तर तळं दुधासारखं पांढुरकं.

"कुणी दूध ओतलं का हो यात?" मिलिंद म्हणाला.

मी त्याला सांगितलं, की हिमनदी सरकताना दगड पिठासारखा दळते. पाणी थोडं असतं तेव्हा ते पीठ वर हिमनदीपाशीच बसतं. पण आता झऱ्याचा ओढा झालाय आणि सगळं पीठ तळ्यात येतंय. पाणी गढूळ झालं की तळाशी ऊन पोहोचत नाही आणि शेवाळ अंधारात उपाशी राहतं.

काठाच्या उथळ पाण्यात तेवढं हिरवं शेवाळ माजलं होतं. आत सगळं पांढरं. मी दगडावर बसले. गुडघा ठणकत होता. काम तळाचा गाळ काढण्याचं होतं, पण त्या दिवशी माझ्याच्यानं काही झालं नाही. नुसतं पाणी बाटल्यांत भरून आम्ही परतलो.

पुन्हा निघायचं त्या सकाळी मिलिंद दारातच बूट बांधत बसला होता. चेहरा कोरा.

"आई गेली, मॅडम. बहिणीचा, छायाचा फोन आल्ता."

विमान आठवडाभर तरी येणार नव्हतं. आलं असतं तरी तो घरी पोहोचेपर्यंत सगळं होऊन गेलं असतं.

"छायाला म्हनलं, माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या," तो म्हणाला. "चला, निघू."

"मिलिंद, आज राहू द्या."

"खोलीत बसून काय करू? भिंती बघू का?"

केंद्रप्रमुखांनी त्याला समजावलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, येऊ द्या त्याला.

तळ्यावर आम्ही रबरी होडी काठाला दोरानं बांधून आत गेलो. गाळ काढायची नळी पारदर्शक असते. ती तळात ठोकायची आणि आतल्या थरांसकट सावकाश वर ओढायची. पहिली नळी रिकामी आली. दुसरी अडकली. दोघांनी मिळून ती ओढता ओढता माझे हात बधिर झाले, आणि मिलिंद ओढतच राहिला. शेवटी ती वर आली.

मी ती उभी धरली. वर राखाडी पिठाचा जाड थर. त्याखाली हिरवे-नारिंगी पापुद्रे, पोळीच्या पदरांसारखे एकावर एक. माझी सगळी जुनी सतरंजी. आणि त्याच्याही खाली पुन्हा एक राखाडी पट्टा, मग पुन्हा हिरवं.

"हे खाली काय आलं?" मिलिंदनं विचारलं.

"पूर्वीही कधीतरी असंच पाणी आलं होतं. शेवाळ गाडलं गेलं होतं."

"मंग परत आलं की."

"आलं. पण पट्टा जाड आहे. कितीतरी पिढ्या गेल्या असतील मधे."

त्यानं नळीला बूच लावलं.

नळी ओढण्यात वेळ गेला आणि तोच आम्हाला नडला. सकाळी ओलांडला तेव्हा ओढा घोट्याएवढा होता. दिवसभराच्या उन्हानं वरचा बर्फ वितळला आणि परतताना तोच ओढा मांडीपर्यंत चढलेला, गर्जत वाहणारा.

"बिलकुल न्हाई," मिलिंद म्हणाला. "तुमच्या ह्या पायानं तर न्हाईच." गुडघ्याचं त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

रेडिओवरून केंद्रानं सांगितलं, की ऊन कलेपर्यंत थांबा, पाणी उतरेल. आम्ही वाऱ्याला आडोसा असलेल्या एका खडकाआड बसलो. मी बिस्किटं काढली. त्यानं हातात घेतली, खाल्ली नाहीत. बऱ्याच वेळानं त्यानं गॉगल काढून डोळे पुसले. मला वाटलं, वाऱ्यानं पाणी येत असेल.

"आईला मी सांगितलंच न्हवतं किती लांब जाऊन राह्यलो ते," तो म्हणाला. "म्हनलं, दिल्लीच्या थोडं पुढं. मंग ती रोज शेजारणीला विचारायची, दिल्लीला आज थंडी किती हाय?"

एवढं बोलला आणि तो मोठ्यानं रडायला लागला. तिथं ऐकणारं कुणी नव्हतं. ओढ्याचा आवाज आणि त्याचा आवाज. मी त्याचा जाड हातमोज्यातला हात धरून बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, "घरी आता बुद्धवंदना घेत असतील." मग उठून, उत्तरेकडे तोंड करून हात जोडून त्यानं त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. मधे मधे त्याचा आवाज अडकायचा. मला ते पाठ नव्हतं. मी बाजूला उभी राहून त्याच्या मागोमाग म्हणत गेले.

पाणी उतरल्यावर त्यानं आधी नळी पलीकडे नेऊन ठेवली, मग मला हाताला धरून नेलं.

उन्हाळा संपला आणि आमचं विमान आलं. निरोप घेताना मिलिंद म्हणाला, "ताई, छाया माझा फोन उचलत न्हाई. एकदा बदनापूरला जाल का?" मॅडमची ताई मी कधी झाले, ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

जालन्याला पोहोचले आणि कितीतरी दिवस नुसती झोपत राहिले. अंधार झाला की बरं वाटायचं. गाळाची नळी जहाजानं सावकाश येणार होती. कॉलेजात मुलांनी विचारलं, की तळं आता पुन्हा स्वच्छ होईल का? हिमनदी मागे हटून ओढ्यानं दुसरी वाट धरली तर होईल, पीठ खाली बसेल आणि काठावरचं शेवाळ हळूहळू आत सरकेल, असं मी सांगितलं. हे बघायला मी नसेन, ही मुलं नसतील, त्यांची नातवंडंही नसतील. हे बोलताना मला दुःख झालं नाही, थकवा मात्र आला. आपण आयुष्यभर बघत राहावं आणि समोरच्या तळ्याला आपल्या बघण्याची काही खबर नसावी, असा थकवा.

मग एका रविवारी बदनापूरला गेले. छाया शाळेत शिकवते. भिंतीवर बुद्धांची तसबीर, त्याशेजारी आईचा नवा फोटो. तिनं पाणी दिलं, पण बसली दूर.

"उरकून घ्या म्हणाला," ती म्हणाली. "शेजाऱ्याचं कुणी गेल्यावर बोलतात तसं. अग्नी मीच दिला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलले न्हाई."

मी तिला तो दिवस सांगितला. ओढा, खडक, दिल्लीची थंडी. दिल्लीचं ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. त्रिशरणाचं सांगितलं तेव्हा तिनं मान वर केली.

"एकट्यानं म्हनलं?"

"मी होते. मला येत नव्हतं, त्याच्या मागून म्हटलं."

मग उठून तिनं फोन आणला, नंबर लावला आणि स्पीकरवर टाकून आमच्या मधे ठेवला. खूप वेळ घंटी वाजल्यावर कुणीतरी उचललं, मिलिंदला बोलावलं.

"दादा," छाया म्हणाली, "जेवला का?"

तिथं आवाज पोहोचायला आणि तिथून यायला थोडा वेळ लागतो. आम्ही दोघी फोनकडे बघत थांबलो.