आबा जिथं कथा थांबवायचे

माझे आबा दहाव्याला प्रवचन करायचे. टेंभुर्णीच्या आसपास कुणाच्या घरी माणूस गेलं की दोन-तीन दिवसांत फोन यायचा, "महाराज, दहाव्याला या." त्या दिवशी आबा पहाटेच शेतात चक्कर मारून यायचे, धुतलेलं धोतर नेसायचे आणि मोटारसायकलवर निघायचे. लहानपणी मी आणि माझी धाकटी बहीण आळीपाळीनं त्यांच्यामागे बसून जायचो.

ऋषिमुनींच्या, संतांच्या कितीतरी कथा त्यांना पाठ होत्या. पण तरणं माणूस गेलेलं असलं की ते ठरलेली एकच कथा सांगायचे. फार जुन्या काळातल्या एका ऋषींची. दुसऱ्या एका तपस्व्यानं त्यांच्याशी वैर धरलं आणि त्या वैरापायी ऋषींची शंभर मुलं मारली गेली. ऋषींच्या अंगी एवढं तपाचं बळ, की एका शापात त्यांनी वैऱ्याची राख केली असती. पण त्यांनी शाप दिला नाही. आबा इथं थांबायचे, समोर बसलेल्या घरच्या माणसांकडं बघायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "शंभर लेकरं गेली, तरी त्यांचं मन ढळलं न्हाई. मंग आपण किती रडायचं?"

बाया पदराचा बोळा तोंडात धरून हुंदका गिळायच्या. निघताना लोक आबांच्या पाया पडायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

बहिणीला मात्र ते पटत नसे. कॉलेजात असताना एकदा आबांबरोबर दहाव्याहून घरी आल्याआल्या ती म्हणाली, "आबा, ती बाई रडायची थांबली, पण तिचं तोंड पाह्यलं का तुम्ही?"

"धीर आला तिला," आबा म्हणाले.

"धीर न्हाई आला. भ्याली ती. रडले तर महाराज काय म्हणतील म्हणून."

आबा हसले. "तू अजून लहान हायेस."

तिचं लग्न राजूरजवळच्या एका गावात झालं. माणसं चांगली होती. माझं सासर अंबडला, मी तिथं शाळेत शिकवते. आम्हा दोघींचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं. तिला दिवस गेले तेव्हा तिनं आधी मला सांगितलं, आणि आईला सांगायला मलाच लावलं, कारण तिला लाज वाटत होती. सातव्या महिन्यात ती ओटीभरणाला माहेरी आली, तेव्हा आबा बाजारातून तिच्यासाठी कवठं घेऊन आले. तिनं गूळ घालून ती तिथंच ओट्यावर बसून खाल्ली.

सासरी परत गेल्यावर तिला ताप आला. मग डोळे पिवळे झाले. कावीळ पोटुशा बाईला इतकी वाईट असते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडून होईल ते सगळं केलं. शेवटी ती माणसं ओळखत नव्हती. मी हात धरला तर म्हणाली, "बाई, शाळा सुटली का?" तिला मी शाळेतल्या बाई वाटले. ती गेली, आणि तिच्या पोटातलं मूलही तिच्याबरोबरच गेलं.

आई रडली नाही. मला त्याची भीतीच वाटली. बहिणीच्या सासरच्या अंगणात बायकांनी हंबरडा फोडला तेव्हा ती भिंतीला टेकून, ओठ आवळून बसली होती. भेटायला आलेला जो तो तिला म्हणे, "तुम्हाला काय सांगावं? तुम्ही तर महाराजांच्या घरच्या." आई नुसती मान हलवायची.

बहिणीच्या दहाव्याला दुसऱ्या प्रवचनकारांना बोलावलं होतं. पण विधी आटोपून सगळे मंडपात बसले तसे आबा उठले. "मीच बोलतो," म्हणाले आणि त्यांनी माईक घेतला. मी बायकांमधून उठून पुढं गेले आणि त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवायला बघत होते. त्यांनी माझा हात सोडवला.

त्यांनी तीच कथा काढली. वैर, शंभर मुलं, न दिलेला शाप. आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. नेहमीच्या ठिकाणी येऊन ते थांबले. पण पुढचं वाक्य आलं नाही. लोक वाट बघत राहिले.

"ह्याच्या म्होरं कथा हाय," आबा म्हणाले. "ती मी कधीच सांगितली न्हाई. ऋषींनी दुसऱ्याला शाप दिला न्हाई, पण सोताला जगू द्यायला ते तयार नव्हते. डोंगरावरून उडी घेतली. आगीत शिरले. अंगाला दोर बांधून नदीत पडले. नदीनं दोर सोडले आन् त्यांना काठावर आणून टाकलं. एवढा मोठा ऋषी, अन् मरायला जागा हुडकून राह्यला होता. मला वाटायचं, हे सांगितलं तर लोकांनी कुणाकडं बघायचं?"

आबांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं.

"मंग ते माघारी फिरले. मागून त्यांची सून येत होती, पोटुशी. तिच्या पोटातून नातवाचा आवाज आला. वेद म्हणत होता. त्या आवाजावर ऋषी जगले." आबांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "माझ्या लेकीच्या पोटात..."

त्यांना पुढं बोलता आलं नाही. माईकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. बहिणीच्या नवऱ्यानं उठून माईक बंद केला.

तेवढ्यात बायकांमधून आई उठली. पुरुषांच्या रांगांमधून वाट काढत ती आबांपर्यंत आली आणि त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी मारत ओरडली, "मला आधी का न्हाई सांगितलं? मी दहा दिवस डोळ्यातलं पाणी गिळून राह्यले तुमच्यापायी!" आबांनी तिला धरलं. दोघं तिथंच जमिनीवर बसली आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं रडली. मी त्यांच्याजवळ गेले नाही. मला माझंच आवरत नव्हतं.

त्यानंतर दहाव्याची बोलावणी हळूहळू थांबली. "महाराजच खचले, ते लोकांना काय धीर देणार," असं काहीजण म्हणाले. आबांनाही आता माईक नको होता.

मागच्या उन्हाळ्यात मी माहेरी असताना शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा विहिरीत बुडून गेला. आबांना कुणी बोलावलं नव्हतं. तरी ते मला घेऊन गेले. तो बाप ओसरीत खाली मान घालून बसला होता. आबांना पाहून म्हणाला, "महाराज, काही तरी सांगा."

"मला काहीच सांगता येत न्हाई," आबा म्हणाले आणि त्याच्या शेजारी बसले. "तू सांग. पोरगं कसं होतं तुझं?"

त्या माणसानं आबांकडं मान वळवली. मग बोलू लागला. पोराला दुधावरची साय आवडायची, गोऱ्ह्याला नाव घेऊन हाक मारायचं, गणितात कच्चं होतं. आबा ऐकत होते. मधूनच आतून पोराच्या आईनं विचारलं, "आन् त्यानं पतंग केला होता ते?" मग ती बाहेर येऊन बसली. दोघं एकमेकांचं वाक्य पुरं करत होती, रडत होती.

येताना मी मोटारसायकल चालवत होते. आबा मागून म्हणाले, "मला कुणीच विचारत न्हाई गं, तुमची लेक कशी होती म्हणून."

मी गाडी कडेला घेतली. खाली उतरले. विचारलं, "सांगा आबा, कशी होती?"

त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. समोर नांगरून पडलेल्या ढेकळांकडं ते बघत राहिले, आणि मी त्यांच्यासमोर रस्त्यावर उभी राहिले.